आबांचा नंबर

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला इंग्रजीच्या सरांनी आम्हाला प्रत्येकी एक शब्द निवडायला सांगितला. शब्द इंग्रजी हवा, पण आपल्या घरात रोज बोलला जाणारा. तो कुठे आणि कोणत्या अर्थाने वापरतात ते बघायचं आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गापुढे उभं राहून बोलायचं. मला वर्गापुढे बोलायची भीती वाटते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली, त्यामुळे असलं काही कसं करायचं हे घरी कोणाला विचारता येत नाही. सोपा पडेल म्हणून मी ‘नंबर’ हा शब्द घेतला.

आमचं गाव परभणीकडं, पेडगावच्या पुढं. सुट्टीत गावी गेले तेव्हा हा शब्द जिकडेतिकडे ऐकू येऊ लागला. गिरणीवर बाया आपापला डबा ओळीत ठेवून घरी निघून जातात. त्यांच्या जागी डबाच नंबर धरून बसतो. चुलत्यांच्या घरी बांधाचा वाद होता, तिथं सगळं बोलणं गट नंबरवर. जीपवाला त्याच्या जुन्या गाडीला एक नंबर म्हणायचा. वाळूवाल्याचं नाव निघालं की माणसं आवाज बारीक करून दोन नंबर म्हणायची. माय तर राँग नंबर लागलेल्या बाईलाही तिच्याकडचं पाऊसपाणी विचारून मगच फोन ठेवते.

एका ठिकाणी मात्र आमच्याकडे नंबर चालत नाही. आमची मेंढरं आहेत, आणि मेंढरं मोजत नाहीत. मोजली की कमी होतात, असं आबा मानतात. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो. संध्याकाळी मेंढरं वाडग्यात, म्हणजे काट्यांच्या कुंपणात, शिरताना ते तोंडाशी उभे राहतात आणि नुसतं बघतात. एखादी मागं राहिली तर त्यांना लगेच कळतं, कारण ते प्रत्येकीला तोंडावरून ओळखतात. मागं सरकारी डॉक्टर कानाला नंबरचे पिवळे बिल्ले मारायला आले, तेव्हा त्यांनी किती मेंढरं आहेत असं विचारलं. आबा म्हणाले, हायेत, बघा तुमीच. डॉक्टरांच्या माणसानं मोठ्यानं मोजली. माय वाडग्याच्या तोंडाशी चिमूटभर मीठ टाकून आली. किती होती, ते म्हणूनच मी इथंही लिहीत नाही.

त्या सुट्टीत कोकरं नुकतीच झाली होती. लहान कोकरं दिवसभर वाडग्यातच राहतात आणि मेंढ्या चरून आल्या की त्यांना पाजायचं असतं. अगदी तान्ही असतात त्यांना उचलून ज्याच्या त्याच्या आईला लावावं लागतं. मेंढी वासावरून आपलंच कोकरू घेते, दुसऱ्याचं घेत नाही. हे काम आबांचं. सगळी कोकरं मला सारखीच दिसतात. आबांना कधी थांबून बघावं लागलं नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी एक कोकरू उचललं आणि एका मेंढीखाली दिलं. मेंढीनं हुंगलं आणि त्याला डोक्यानं ढकलून दिलं. आबांनी ते दुसरीला दिलं. तिनंही मारलं. कोकरू ओरडायला लागलं. चुलीपुढं भाकरी थापणाऱ्या मायचा हात थांबला. माझ्या आठवणीत आबांचं असं कधी झालं नव्हतं. आबा कोकरू पोटाशी धरून तसेच उभे राहिले.

“आज दिवस लौकर मावळला,” ते म्हणाले.

समोरच्या लिंबावर चांगलं ऊन होतं. माय पिठाच्या हातानं उठली, त्यांच्या हातातलं कोकरू घेतलं आणि कोपऱ्यातल्या मेंढीला लावलं. ते प्यायला लागलं. मग बाकीची कोकरं मायनंच लावली, आणि आबा पाणी प्यायच्या निमित्तानं बाजूला झाले.

जेवताना आबा म्हणाले की चष्म्याचा नंबर वाढला असेल, दुसरा आणू. त्यांचा चष्मा बाजारातला. चटईवर चष्मे मांडून बसलेला माणूस गिऱ्हाइकाच्या हातात पेपर देतो. आबांना वाचता येत नाही, म्हणून एकेक चष्मा लावून त्यांनी रस्त्यापलीकडच्या शेळ्या बघितल्या होत्या आणि त्यातला एक पसंत केला होता. मायला हे माहीत होतं. ती मला म्हणाली, या खेपेला तू जा संगं, दवाखान्यात दाखव.

परभणीच्या दवाखान्यात आधी नंबर लावला, मग बाकावर बसून राहिलो. डॉक्टरबाईंनी दोन्ही डोळे तपासले आणि हे नंबरचं नाही, मोतीबिंदू आहे असं सांगितलं. चष्मा कितीही बदलला तरी उपयोग नाही, ऑपरेशन करावं लागेल. एक डोळा आधी, मग दुसरा. नंतर महिनाभर तरी धूळ, ऊन आणि जनावरांपासून लांब राहायचं. बाहेर आल्यावर आबा मला म्हणाले, “मेंढरामागं धूळ न्हाई, आसं कुठं असतंय का बाई?”

घरी येईपर्यंत त्यांचं ठरलं होतं. आधी मेंढरं विकायची, मग डोळ्याचं बघू. व्यापारी चांगला बघून द्यायची, आणि अजून जरा दिसतंय तोवरच द्यायची. आबा लहानपणापासून मेंढरांमागं आहेत. मेंढरं गेल्यावर ते दिवसभर काय करतील, हे मला डोळ्यांपुढं आणता येईना. मी म्हणाले, मी कॉलेज थोडे दिवस बंद ठेवते. ते म्हणाले, तुला चपलेत गेलेला काटा काढता येत न्हाई, मेंढरं कुठली.

माय मीठ-मिरची वाटत होती. मान वर न करता ती आबांना बोलली.

“माझ्या बापाच्या घरी काय मोटारी होत्या का? मलाबी मेंढरंच होती. मला बघायला आले तवा तुमचा बाप माझ्याकडं कमी आन् माझ्या मेंढराकडं जास्त बघायलता.”

आबांना हसू आलं, पण ते लगेच गेलं. “चार गोष्टी असतात गं. कुठलं रान मोकळं झालंय, कोण रानात मेंढरं बसू देतंय, कोणत्या पाण्यावर न्यायचं.”

“सांगितलं न्हाई कधी, म्हणून ठावं न्हाई का?” माय म्हणाली. “मी ऱ्हाते मेंढरामागं. तुमी डोळे करून या.”

आबा हो म्हणाले नाहीत. पण व्यापाऱ्यालाही त्यांनी बोलावलं नाही.

सुट्टी संपल्यावर मी वर्गात ‘नंबर’वर बोलले. गिरणी, गट, जीप, राँग नंबर असं सगळं सांगितलं, मुलं हसली. सर म्हणाले, उदाहरणं चांगली आहेत, पण डोळ्यांच्या नंबरचं राहिलं. मी होय सर म्हणाले आणि खाली बसले. ते माझ्या लक्षात होतं. पण ते बोलायला लागले असते तर मधेच थांबावं लागलं असतं.

थोड्या दिवसांनी आबांचाच फोन आला. दवाखान्यात कधी यायचं ते विचार, म्हणाले. ऑपरेशनच्या दिवशी कोणता डोळा ते कळावं म्हणून नर्सबाईंनी त्यांच्या भुवईवर चिकटपट्टी लावली. आबांनी ती चाचपली आणि मलाबी बिल्ला मारला म्हणाले. शेजारचे म्हातारे हसले.

नंतर ते गावातल्या घरी राहिले, काळा चष्मा लावून. त्यांच्याजवळ मी होते, कॉलेजला थोडे दिवस सुट्टी टाकून. माय मेंढरांसोबत रानात; वाडगंही तिकडंच हलवलं होतं, रात्रीही ती तिथंच राहायची. पहिल्या संध्याकाळी त्यांनी फोन लावायला सांगितला आणि मायला एकेकीचं विचारायला लागले. कानतुटी आली का, लंगडी आली का, काळ्या तोंडाची प्यायली का. माय एकेकीला आली, आली म्हणत होती. दुसऱ्या दिवशीही तेच. फोन गरम व्हायचा, पण मायनं कधी कंटाळा केला नाही.

एका संध्याकाळी मी फोन लावून आबांच्या हातात दिला. तिकडून माय सांगायला लागली, तर त्यांनी तिला थांबवलं.

“ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “उद्या कुठं नेणार हायेस?”

पलीकडं मेंढरांचा आवाज येत होता. मेंढरं उद्या कुठं न्यायची, हे आबा रोज आदल्या संध्याकाळी आपल्या मनाशी ठरवायचे. मायला ते कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. माय म्हणाली, वढ्याच्या वरच्या अंगाला तूर काढून झालीय, मालकाला ईचारून ठिवलंय, दुपारून पाण्यावर आणीन.

“बरं,” आबा म्हणाले, आणि फोन माझ्या हातात दिला.