माशाच्या तेलाची भिंत

त्या कोकणी सुताराचं नावही मी विचारलं नाही. निजामाच्या अखेरच्या वर्षांत तो लातूरला कापसाच्या जिनिंगच्या कामावर आला होता. माझ्या किराणा दुकानाची पश्चिमेची भिंत सागवानी फळ्यांची. दर पावसाळ्यात झडीनं कुजायची, म्हणून तिला तेल लावायला मी त्याला बोलावलं. कानावरची पेन्सिल चाचपत तो मान खाली घालून बोलायचा.

मी म्हणालो, "मिस्त्री, जवसाचं तेल लई महाग हाय. तुमच्या डब्यातलं तेलच लावा." तासभर घासाघीस करून मी भाव निम्म्यावर आणला. त्यानं हसत भिंतीला तेल चोपडलं.

दुसऱ्या दिवशी ऊन तापलं आणि गल्लीतली मांजरं भिंत चाटायला जमली. आम्ही लिंगायत. गिऱ्हाइकं नाकाला उपरणं लावून समोरच्या दुकानात गेली. समोरचा दुकानदार पोट धरून हसला. मी सुतारावर तुटून पडलो.

तो शांतपणे म्हणाला, "शेटजी, आमच्याकडे होड्यांना हेच माशाचं तेल लावतात. तुम्ही भाव विचारलात, तेल कसलं ते नाय विचारलंत."

महिन्याभरात वास उडाला, गिऱ्हाइकं परतली. माझा राग मात्र अजून आहे. पुढं आठ दिवस झड लागली. माझं मीठ कोरडं राहिलं, समोरच्याचं पाझरलं. तो इकडंतिकडं बघत आला.

"अप्पा, त्यो सुतार कुठं ऱ्हातो?"

सुतार अजून जिनिंगवरच होता. मी म्हणालो, "काय की बा, ठाऊक न्हाई."