बानूबाईचा डावा घोटा

बानूबाई पिंगळीच्या शिवारातल्या धनगरांची. वय विचारलं तर म्हणायची, "पटकी आली तवा मी पाळण्यात होते." पन्नाशी ओलांडली असावी. दिवाळी झाली की त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरं, कुत्री आणि तट्टावर लादलेलं बिऱ्हाड, मानवतवरून गोदाकाठाकडे निघायचा आणि मृगाआधी परतायचा. लग्न झाल्यापासून तिने एकही खेप चुकवली नव्हती. तिची तिन्ही लेकरं वाटेवरच्या रानात जन्मली. घरात झोपायची वेळ आली तर तिला आढं छातीवर आल्यासारखं वाटायचं.

१९५७ सालच्या नवरात्रात तिचा थोरला मुलगा रायभान तिला परभणीच्या एका खासगी दवाखान्यात घेऊन आला. तिथे मी एक्स-रे काढायचं काम करत होतो. हैदराबादेत शिकून नुकताच लागलो होतो.

"औंदा मायला न्यायचं न्हाई," रायभानने डॉक्टर दिनकररावांना सांगितलं. "गेल्या साली वाटंत चारदा खाली बसली. घोटा लय दुखायलाय. वाडा म्होरं जातो आन ही मागं."

"मी मागं ऱ्हाते म्हणून लंगडी मेंढरं घरी येत्यात," बानूबाई म्हणाली. "डॉक्टरसाब, तुमी आतल्या हाडाचा फोटू काढा. खोट निघाली तर मी घर राखते. न्हाई निघाली तर यानं परत तोंड उघडायचं न्हाई. मंजूर?"

"बघा, बाजारातल्यावानी सौदा करायलीय!" रायभान हसला. पण त्याने मान हलवली.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर फक्त 'घोटा' लिहिलं होतं. आत टेबलावर बसून तिने लुगडं वर घेतलं आणि उजवा पाय पुढे केला. घोट्याच्या दोन्ही अंगांना तापलेल्या सळईने दिलेले पाच-सहा गोल डाग होते. एक तर अजून ओला होता.

"इथंच ना, मावशी?"

"इथंच तर डागलंय."

मी फोटो काढला. अर्ध्या तासाने ओली फिल्म डॉक्टरांनी उजेडाच्या पेटीवर धरली. नडगीचं हाड आणि पाऊल यांच्यामध्ये एक सरळ, काळी फट दिसत होती. ही फट म्हणजे हाडांवरची कूर्चा. कूर्चा फिल्मवर उमटत नाही, ती आहे हे फक्त हाडांमधल्या अंतरावरून कळतं. इथे ती भरपूर होती.

"घोटा तर पोरीसारखा आहे हिचा," डॉक्टर म्हणाले. "जाऊ दे रे तिला."

बानूबाईने दोन्ही हातांनी रायभानचं तोंड धरलं. "ऐकलंस का, मुडद्या? पोरीसारखा!" आणि ती निघाली. दाराबाहेरच्या तीन पायऱ्या ती तिरकी होऊन उतरली. प्रत्येक पायरीला डावं पाऊल बाहेरच्या कडेवर पडत होतं.

इतर कोणाचंही तिकडे लक्ष नव्हतं. मी बोललो नसतो तर ती दिवाळीनंतर चालू पडली असती. मी धावत गेलो.

"मावशी, दुखतो कोणता पाय?"

"डावा."

"आणि डाग उजव्यावर?"

ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघू लागली. "डाव्याचं दुखणं उजव्यालाच डागत्यात, लेकरा. दुखऱ्या जाग्याला डागलं तर दुखणं आतच कोंडतंय. मंग फोटू बी तिकडूनच काढावा लागंल का न्हाई?"

रायभान तिथेच थांबला. बानूबाईच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. "एक चांगला निघालाय की," ती म्हणाली. "आता दुसरा कशाला?"

दुसरा काढला. या वेळी मी तिला उभं करून, पायावर भार देऊन काढला. ती टेबलाची कड धरून उभी होती.

डाव्या घोट्यात फट नव्हती. हाडावर हाड टेकलं होतं. जिथे घासत होतं तिथली कड चुन्यासारखी पांढरी, घट्ट झाली होती. तिच्याखाली हाडात मुगाएवढी काळी छिद्रं पडली होती आणि पुढच्या बाजूला बाभळीच्या काट्यासारखी नवी हाडं फुटली होती. भोवतीचं मांस सुजून त्याची सावलीही जाडसर आली होती. बाहेरचं हाड पूर्वी कधीतरी मोडून वाकडंच सांधलं होतं. वीस वर्षांपूर्वी दुधना नदीच्या दरडीवरून ती मेंढीपाठोपाठ घसरली होती. कोकराला बांधतात तशा कामट्या बांधून नवव्या दिवशी चालू लागली होती.

डॉक्टर समजावून सांगू लागले. तिने त्यांना मध्येच थांबवलं आणि फिल्मला बोट लावलं.

"म्हाताऱ्या मेंढीचा सांधा फोडला की असाच निघतो. वरची चकाकी गेलेली. आशी मेंढी आमी वाड्यात ठेवीत न्हाई."

"मोठ्या शहरात हाडं एकमेकांना जोडून टाकतात," डॉक्टर म्हणाले. "दुखणं जाईल, पण मग घोटा वाकणार नाही."

"दरड उतरता यील?"

"नाही."

ती उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. मग रायभानला म्हणाली, "मानवतच्या अल्याड दगडी हिरीचं पाणी पाजू नगंस. मचूळ हाय. पाटलाच्या लिंबाखाली सकाळी ऊन लवकर येतं, व्यालेल्या मेंढ्या तिथं बसव. कोंडाबाईच्या रानात चूल मांडशील तवा वाऱ्याकडं पाठ कर." एकेक मुक्काम ती सांगत गेली, थेट गोदेच्या वाळूपर्यंत.

"माय, मी बी त्याच वाटंनं वाढलोय," रायभान म्हणाला.

"ठाव हाय. मला बोलू दे."

पुढचं मला रायभानने सांगितलं, वैशाखात, पोराचं मनगट दाखवायला आला तेव्हा. वाडा निघाल्यावर तिसऱ्या दिवशी ते मानवत रोड स्टेशनाजवळ पोचले, तर रुळाच्या कडेला बानूबाई बसलेली. पिंगळीहून सकाळच्या गाडीने एकटीच आली होती. जिंदगीत पहिल्यांदा गाडीत बसली होती. तिने जिभेने टकटक केलं तशी पुढची सगळी मेंढरं वळली. त्यांच्यात शिरून ती कोसभर चालली, काठी टेकत. लिंबाच्या झाडापाशी थांबली. मेंढरं पुढे सोडायला तिला हाकारायचं होतं, पण तिची हाक ऐकली की मेंढरं उलट तिच्याकडेच वळत होती. शेवटी तिने तोंडावर पदर दाबून धरला. मेंढरं पुढे गेली.