भाडं नको म्हणणारं घर

मी भाडं भरते. दर महिन्याला अठराशे दिरहम, म्हणजे आपले बेचाळीस हजार रुपये, वीणाताईंच्या खात्यात जातात आणि म्हणून अबुधाबीच्या या घरात मला कुणी मुलगी म्हणत नाही. मी नुसती शुभ्रा. माझी खोली, माझी किल्ली, फ्रिजमधला माझा कप्पा. ताप आला तर वीणाताई दारातून विचारतात, "बरं आहे ना गं?" आणि जातात. मला हे चालतं. चालतं कसलं, आवडतं.

ईशानीचं तसं नव्हतं. तिच्याकडून एक दिरहमही घ्यायचा नाही असं वीणाताईंनी ठरवलं होतं. त्या पोरीचा उन्हाळा या घरात कसा गेला ते मी या डोळ्यांनी पाहिलंय, आणि अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

ईशानी रास अल खैमाची. जन्मली तिथेच, वाढली तिथेच. तिचे वडील राजन तिथल्या एका टाइल्सच्या कारखान्यात आहेत. बाकीची मुलं सुट्टीत मॉलमध्ये जायची, ही वडिलांबरोबर भट्टी बघायला जायची. बारावी झाल्यावर तिने सांगितलं, मला हेच शिकायचंय, रंग, झिलई, माती. स्पेनमधल्या एका कॉलेजात जागाही मिळवली पठ्ठीने. पण अट होती. तिथे सगळं शिकवणं स्पॅनिशमध्ये, तेव्हा ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी व्हिडिओवर मुलाखत, तीही स्पॅनिशमध्ये. बोलता आलं तर या, नाही तर जागा दुसऱ्याला. आणि राजननी स्वच्छ सांगितलं होतं, यंदा जमलं नाही तर मुकाट पुण्याला जाऊन बीकॉम करायचं.

दोन वर्षं ती ऑनलाइन स्पॅनिश शिकत होती. वाचायची, लिहायची, पण तोंड उघडायची वेळ आली की खलास. बोलण्याचा सराव करून घेणारा उन्हाळी क्लास मिळाला तो अबुधाबीत. आता रोज रास अल खैमाहून येणार कशी? म्हणून राजनचे जुने मित्र संजय आणि वीणा, यांच्याकडे राहायचं ठरलं.

जूनच्या शेवटी राजन तिला सोडायला आले. सोफ्यावर बसले, खिशातून पाकीट काढून टीपॉयवर ठेवलं आणि म्हणाले, "वहिनी, हे भाड्याचे. नाही म्हणू नका."

वीणाताईंनी पाकिटाकडे असं बघितलं की जणू त्यांनी झुरळ काढून ठेवलंय. "भाऊजी, लाज वाटते का काही? तनया आणि ईशानी मला वेगळ्या का आहेत? मुलीसारखी राहील ती इथे. उचला ते आधी!"

राजनच्या डोळ्यांत पाणी आलं. परमुलखात अशी माणसं मिळायला नशीब लागतं, असं काहीतरी म्हणाले. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. हे काही खरं नाही, असं मला तेव्हाच वाटलं. पण मी कोण सांगणार? मी भाडेकरू.

पहिला आठवडा बरा गेला. तनया, म्हणजे वीणाताईंची लेक, कॅनडात शिकते. तिची खोली रिकामी होती, ती ईशानीला दिली. पोरीने भिंतीवर चिठ्ठ्या लावल्या, खिडकीत टाइलचे रंगवलेले तुकडे मांडले. संध्याकाळी क्लास, क्लासनंतर तासभर नुसत्या गप्पा, सगळ्या स्पॅनिशमध्ये. हा गप्पांचा तासच खरा महत्त्वाचा, असं तिच्या बाईंनी बजावलं होतं. घरी आली की मला सांगायची, "ताई, टुडे आय स्पोक फाइव्ह फुल सेंटेन्सेस!"

मग तनया सुट्टीला आली. खोली तिची, तेव्हा ईशानीची गादी हॉलमध्ये आली, चिठ्ठ्या पिशवीत गेल्या. तोवरही ठीक होतं म्हणा. पण त्यानंतर सुरू झालं ते "जरा". ईशानी, जरा कप विसळून टाक. ईशानी, जरा कणीक भिजव. ईशानी, जरा काकांच्या शर्टावर इस्त्री फिरव. ईशानी, जरा पाणीवाला येईल, घरी थांब. दिवसभर जरा, जरा, जरा! आणि तनया खोलीत एसी लावून लॅपटॉपवर मालिका बघत पडलेली. वाईट नाही हो ती पोरगी. चहाचा कप हातात दिला की गोड हसायची, "थँक्स, बेब" म्हणायची. तिला काही दिसतच नव्हतं, आणि दाखवणार कोण?

गप्पांचा तास दुसऱ्याच आठवड्यात बंद झाला. यायला साडेआठ व्हायचे, आणि साडेआठ म्हणजे चपात्यांची वेळ. पण वीणाताई चपात्यांचं नाव काढतील तर शपथ! त्या म्हणाल्या, "इतक्या उशिरापर्यंत बाहेर? तुझ्या बाबांना मी काय उत्तर देऊ?"

बघा म्हणजे. माझ्या खोलीला भाडं आहे, म्हणून मी अकराला आले तरी कुणाला माझ्या बाबांना उत्तर द्यावं लागत नाही.

बरं, घरी मोठ्याने बोलावं तर हॉलमध्ये संजयभाऊंचे ऑफिसचे कॉल. "हळू गं बेटा, क्लायंट लाइनवर आहे." माणूस भला, आवाज कधी चढवणार नाही, पण बायको काय करते याकडे ढुंकून बघणार नाही. मग ही बया कुठे जाऊन बोलायची माहितीये? बस स्टॉपवर. इथले काही स्टॉप काचेचे बंद, एसीचे असतात. ऑफिसातून येताना सिग्नलला थांबले होते तेव्हा मी तिला पाहिलं. शेजारी बसलेल्या दोन कामगारांची पर्वा न करता एकटीच हातवारे करून बोलत होती, बस येत होत्या, जात होत्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हॉर्न वाजवून तिला गाडीत घेतलं. त्या दिवसापासून आम्ही समुद्राच्या बाजूला गाडी लावायचो, एसी चालू ठेवायचा, ती तिच्या वहीतले प्रश्न मला वाचायला द्यायची आणि मी ते वाचायचे. मला स्पॅनिशचं ओ की ठो कळत नाही. ती हसून लोटपोट व्हायची. पण उत्तर द्यायची वेळ आली की पुन्हा तेच, दोन शब्द आणि गप्प.

"तू वीणाताईंना नाही म्हणून सांग ना एकदा," मी म्हणायचे. "तुझी जागा जाईल, मूर्ख मुली!"

"कसं सांगू, ताई? शी इज सो नाइस. रेंट पण नाही घेत."

एकदा तिने तेही करून पाहिलं. वाढदिवसाचे साठवलेले पैसे वीणाताईंसमोर ठेवले आणि म्हणाली, काकू, प्लीज हे घ्या. झालं! वीणाताईंनी डोळ्यांना पदर लावला आणि सरळ रास अल खैमाला फोन लावला. दहा मिनिटांत ईशानीच्या आईचा, सुचित्राचा, उलटा फोन. स्पीकरवर नव्हता तरी हॉलभर ऐकू येत होतं. "त्यांच्या प्रेमाची किंमत करतेस? कुणी शिकवलं तुला हे?" पोरगी फोन कानाला लावून मान डोलवत राहिली. मग उठली आणि कुकर लावायला गेली.

त्या रात्री जेवताना मला राहवलं नाही. मी म्हटलं, "वीणाताई, तिची मुलाखत आहे हो. तिला जरा मोकळं सोडा की."

"अगं, मी कुठे अडवलंय?" त्या वाटीत आमटी वाढत म्हणाल्या. "आणि उद्या स्पेनला गेल्यावर हातानेच करून खायचंय ना? सवय लागतेय पोरीला."

कप्पाळ माझं! माणूस शिव्या देत असता तर भांडता आलं असतं. इथे गोडीगुलाबीने मान कापायचं चाललं होतं आणि वर तुपाची धार.

आणि शेवटी तो शुक्रवार आला. श्रावण होता. इथल्या मराठी बायकांपैकी अर्ध्या गावाला गेलेल्या, उरलेल्यांना वीणाताईंनी सांगितलं, मंगळागौरीचे खेळ आमच्याकडे करू, शुक्रवारी, पाच वाजता. ईशानीने मुलाखतीची तारीख त्यांना केव्हाच सांगून ठेवली होती. पण त्या म्हणाल्या, "तीनला आहे ना तुझं ते? वीस मिनिटांचं काम. त्याआधी मटकीची उसळ होईल, नंतर वडे."

मी हाफ डे टाकून घरी आले. बघते तर ही ओट्यापाशी उभी, केसांत भाजणीचं पीठ. हाताला धरून तिला माझ्या खोलीत आणलं, तोंड धुवायला लावलं, माझ्या टेबलावर लॅपटॉप मांडला आणि दाराला आतून कुलूप घातलं. मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी भिंतीला टेकून खाली बसले.

पडद्यावर पिकल्या केसांच्या एक बाई आल्या. हसऱ्या होत्या. काहीतरी विचारलं. ईशानी म्हणाली, "सी," म्हणजे हो. पुन्हा विचारलं. पुन्हा "सी", आणि गप्प. बाई थांबल्या, सोपं करून विचारत असाव्यात. हिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी खालून हातवारे करत होते, बोल, बोल गं! बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मला वाटलं गेलं सगळं. पोरीच्या डोळ्यांसमोर पुण्याचं ते बीकॉम उभं राहिलेलं मला दिसत होतं.

तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली. माझ्या खोलीच्या! अठराशे दिरहम मोजते मी आणि या बाईकडे दुसरी किल्ली! दार उघडून वीणाताई आत. नऊवारी, नथ, कोपरापर्यंत पीठ. मागे फुलांची ताटं घेतलेल्या, लवकर आलेल्या दोघी बायका.

"ईशानी, अगं तेल तापलंय. पाच मिनिटं ये, वडे थाप, मग बस बोलत." मग त्यांना पडदा दिसला. पदर सावरला, पिठाचे हात जोडले आणि कॅमेऱ्याकडे बघून गोड हसल्या. "नमस्ते, नमस्ते!"

पलीकडच्या बाईंनी हसून मान लववली आणि ईशानीला काहीतरी विचारलं. या कोण, असं असणार.

ईशानी क्षणभर वीणाताईंकडे बघत राहिली. मग पडद्याकडे वळली आणि बोलायला लागली. मला भाषा कळत नाही, पण राग कळतो. सुरुवातीला अडखळत, मग भराभरा. हात हॉलकडे जायचा, स्वयंपाकघराकडे जायचा, लाटणं फिरवल्यासारखा फिरायचा. मध्ये तनयाचं नाव आलं. पलीकडच्या बाईंचं हसू मावळलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पुढे वाकून ऐकायला लागल्या. पोरगी थांबेना. कान लाल झाले होते, मान ताठ.

"अगं बाई, काय फाडफाड बोलते!" वीणाताई कौतुकाने माझ्याकडे आणि मागच्या बायकांकडे बघत म्हणाल्या. "काय विचारलं गं त्यांनी?"

"तुम्ही कोण ते विचारलं."

"मग? काय सांगितलंस?"

ईशानीने मान वळवली. आणि एकही इंग्रजी शब्द न घालता, स्पष्ट मराठीत म्हणाली, "सांगितलं, मी यांच्याकडे कामाला आहे. राहून-जेवून."

वीणाताईंचं हसू तसंच राहिलं. ऐकू आलेलं आत पोचायला वेळ लागतो ना, तसं. मागच्या दोघींपैकी एकीने हातातलं ताट हळूच दुसऱ्या हातात घेतलं. ईशानी तोवर परत पडद्याकडे वळली होती. बाईंनी पुढचा प्रश्न विचारला आणि ही उत्तर द्यायला लागली, आता शांतपणे, भट्टीबद्दल, वडिलांबद्दल, रास अल खैमाबद्दल. तोंड एकदा उघडलं ते उघडलंच. मी उठले, वीणाताईंचं कोपर धरून त्यांना बाहेर नेलं आणि कुलपातली किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली.

मुलाखत वीस मिनिटांऐवजी चाळीस मिनिटं चालली. ईशानी बाहेर आली ती रडत आणि हसत. "ताई, सप्टेंबरला ये म्हणाल्या. मिळाली जागा." नाक पुसलं. "आणि म्हणाल्या, इकडे आलीस की खोली भाड्याने घे, कुणाच्या घरी राहू नकोस."

मी तिला घट्ट धरलं. मग म्हटलं, आता माझी पाळी. दोन महिन्यांचं तोंडात साठलं होतं ते घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. वीणाताई एकट्याच ओट्यापाशी, प्लास्टिकच्या कागदावर वडे थापत होत्या. डोळे सुजलेले.

"चारचौघींत लाज काढली माझी," त्या मला म्हणाल्या. "काय कमी केलं गं मी? गिळायला घातलं, ठेवून घेतलं, एक पैसा मागितला नाही."

मी तोंड उघडणार तेवढ्यात ईशानी माझ्या मागून पुढे आली. तिच्या आवाजात आता राग नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं.

"काकू, तनया कुठे आहे?"

"आत आहे. झोपलीय. का?"

"तिला का नाही बोलावलं? वडे थापायला?"

"तिला कशाला बोलावू?" वीणाताई एका दमात म्हणाल्या. "चार दिवस घरी आलीय पोर, तिला कामाला जुंपू? मुलगी आहे ती माझी."

बोलून झालं आणि त्यांचा हात कागदावर तसाच थांबला.  हॉलमध्ये बायका यायला लागल्या होत्या, कुणीतरी वीणाताईंना हाका मारत होतं. कढईतलं तेल धुरकटायला लागलं, तेव्हा मी पुढे होऊन गॅस बंद केला.