दुसऱ्या पात्याचे पंधरा हात

जेवण झाल्यावर आम्ही दोघं गॅलरीत बसलो, ते शेवटचं. मी राउटरच्या बिटांना धार लावत होतो आणि बायको मोजत होती. लाकडाला नक्षी पाडायच्या मशीनचं हे बिट, बोटाएवढं, दोन पात्यांचं. ते बाहेरून घासायचं नाही, आकार जातो. पात्याची आतली सपाट बाजू हिऱ्याच्या पट्टीवर पाणी टाकून घासायची, आणि एका पात्यावर जेवढे हात मारायचे तेवढेच दुसऱ्यावर. कमीजास्त झालं की बिट थरथरतं, लाकूड खराब करतं. मी चौथी शिकलेला. मोजता येतं, पण मोजायला लागलो की हात बिघडतो. म्हणून कारखाना सुटून हे काम धरलं तेव्हापासून मोजणं तिच्याकडं.

पहिल्या पात्याचे पंधरा झाले. दुसऱ्याला ती नऊपर्यंत आली आणि परत नऊ म्हणाली. परत नऊ.

"अगं, झोपलीस का? नवाला काय चिकटलीस?"

तिनं माझ्याकडं बघून तोंड वाकडं केलं. मी बोललो की वेडावून दाखवायची तिची सवयच. मी हसलो. "म्हातारी झालीस तरी माकडचाळे जाईनात."

"अहो, डोकं जड झालंय. पडते जरा." शब्द अडखळत आले. मी ऐकलं. ऐकलं नाही असं म्हणणार नाही.

पण हडपसरचा सुतार पाचला येणार होता आणि अजून चार बिटं व्हायची होती. ती भिंतीला धरून आत गेली. मी स्वतःच मोठ्यानं मोजत बसलो. सगळी झाली, पुसली, तेल लावलं, मग आत गेलो. ती घोरत होती. हलवलं तरी उठेना. दोन तास गेले होते.

शेजाऱ्याच्या रिक्षातून दवाखान्यात नेलं. आमची मुलगी कामावरून थेट तिथं आली. डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, आजी नीट बोलत होत्या त्याला किती वेळ झाला?"

मुलगी शेजारी उभी होती. मी म्हणालो, "अर्धा तास."

मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणारा माणूस. तुझं बिट मेलंय, फेकून दे, म्हणणारा. तिथं मात्र अर्धा तास म्हणालो. डोक्याचा फोटो काढल्यावर डॉक्टर मुलीला म्हणाले, "इतक्या लवकर आणलंत, तरी रक्त फार पसरलंय." तेव्हा तरी बोलायला हवं होतं. दिवेलागणीला ती गेली. त्याच रात्री सगळं उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीतल्या बायका भेटायला आल्या. मुलगी त्यांना सांगत होती, "बाबांनी जराही उशीर केला नाही हो. अर्ध्या तासात नेलं आईला."

एक म्हातारी म्हणाली, "नशीब लागतं असा नवरा मिळायला."

ते मला सोसेना.

"खोटं आहे ते," मी म्हणालो. "दोन तास झाले होते. तिचं तोंड वाकडं झालेलं मी पाहिलं. बोलणं अडखळलेलं ऐकलं. तरी बिटं घासत बसलो."

बायका एकेक करून उठल्या. मुलगी भिंतीला टेकून बसली होती, ती तेवढी राहिली.

"काल का नाही सांगितलंत?"

"तू शेजारी उभी होतीस म्हणून," मी म्हणालो.