ओलवेन प्रीस आणि टेकडीवरची बादली

खुडूक झालेली कोंबडी आणि नुसती रुसून बसलेली कोंबडी यांतला फरक ओलवेन प्रीसला कुंपणाबाहेरून कळायचा. आमच्या कोल्डबॅच गावात ही विद्या गेली चाळीस वर्षं कुणाला लागली नव्हती. तिचा नवरा आयव्हर वरच्या रानाचा राखणदार होता, तेव्हा शिकारीसाठी लागणाऱ्या फेझंट पक्ष्यांची अंडी गावातल्या कोंबड्यांखाली उबवत, आणि ते काम ओलवेनचं. पुढे फ्रान्सहून पिल्लं ट्रकने यायला लागली. आयव्हर गेला, राखणदारी मुलाकडे, ग्लिनकडे आली, आणि ओलवेनकडे उरलं फक्त सांगणं. ती लग्नात सांगायची, मयताला सांगायची, दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असतानासुद्धा सांगायची. आम्ही "हो का!" म्हणून पुढे सरकायचो.

मग बर्ड फ्लू आला आणि फ्रान्सचे ट्रक थांबले.

रानाचे मालक कार्डल साहेब लंडनला राहतात. मार्चमध्ये त्यांचं पत्र आलं. पिल्लं नाहीत म्हणजे शिकार नाही, शिकार नाही म्हणजे राखणदाराचं काम नाही. आणि घर कामाबरोबरचं. म्हणजे ओलवेन एकोणिसाव्या वर्षी नवरी होऊन ज्या घरात आली, ते एकोणऐंशीव्या वर्षी सोडायचं. ग्लिनने फोनवर फार विनवलं तेव्हा साहेब एवढंच म्हणाले, "नोव्हेंबरात निदान एक दिवस धड शिकार करून दाखव. मग बघू."

"आई, दीडशे पक्षी तरी लागतील. आणायचे कुठून?"

"मी काय मेलेय का?" ओलवेन म्हणाली.

ग्लिनने हंगाम संपताना वीसेक फेझंट माद्या पकडून ठेवल्या होत्या. त्यांची अंडी होती, कोंबड्या नव्हत्या. एप्रिल संपेपर्यंत कोंबड्या कोंडूनच ठेवायच्या असा सरकारी हुकूम. तो मेच्या पहिल्या तारखेला उठला आणि त्याच सकाळी ओलवेन आयव्हरची टोपी घालून, टोपली घेऊन निघाली.

पोस्टातल्या मार्जरी बफ्टनने दारातच अडवलं. "माझी डचेस मी कुणाला देणार नाही. ती फार नाजूक आहे."

"मार्जरी, तुझी डचेस तीन दिवस दरवाज्याच्या निखळलेल्या गोल मुठीवर बसलीय, अंडं समजून. मूठ उबवून काय निघणार आहे? कुलूप?"

डचेस टोपलीत गेली. माझ्या दोन तर तिने विचारण्याच्या आधीच काखेत मारल्या होत्या. "तुझी ती तपकिरी खोटारडी आहे," ती जाता जाता म्हणाली, "पण चालेल."

अठरा कोंबड्या जमल्या. रोगाच्या धास्तीने तिने फाटकाशी जंतुनाशकाचं घमेलं ठेवलं आणि ज्याला त्याला त्यात बूट बुडवायला लावले. पाद्रीबाबा नवे बूट घालून आले, तर म्हणाली, "देवाच्या माणसाचे असले तरी पाय जमिनीवरूनच आलेत ना? बुडवा."

चोवीस दिवसांनी पिल्लं निघाली. जूनभर मार्जरी रोज कुंपणाशी येऊन डचेसला बघायची आणि डोळे पुसायची. डचेस चौदा परक्या पोरांना पंखाखाली घेऊन तिच्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. ऑगस्टमध्ये कोंबड्या घरोघर परतल्या आणि पावणेदोनशे फेझंट वरच्या रानात गेले. रोज सकाळ-संध्याकाळ ओलवेन जाऊन पत्र्याच्या बादलीवर चमचा बडवी, की सगळे धावत दाण्याला.

नोव्हेंबरात साहेब सात पाहुणे घेऊन आले. आठ बंदूकवाले खाली दरीत ओळीने उभे राहिले. ग्लिन आणि आम्ही गावातले हाकारे काठ्या आपटत वरच्या रानात शिरलो. दस्तुरानुसार पक्ष्यांनी घाबरून उंच उडायचं आणि दरीवरून जायचं. पण नेमकं त्याच वेळी खाली ओलवेनने पाहुण्यांसाठी सूप वाढलं आणि डाव पातेल्याच्या काठावर दोनदा टण्णकन झटकला.

पावणेदोनशे फेझंट रानाबाहेर आले. चालत. घाईघाईने, माना पुढे काढून, उतारावरून खाली, आणि बंदूकवाल्यांच्या पायांतून वाट काढत सुपाच्या पातेल्याभोवती जमले. उडत्याच पक्ष्याला मारायचं हा या शिकाऱ्यांचा धर्म; चालत्या पक्ष्यावर छर्रा झाडण्यापेक्षा यांतला कुणीही स्वतःच्या पायावर झाडून घेईल. सगळे बंदुका मधोमध उघडून, खाली बघत उभे. एक म्हातारा पाहुणा ओरडला, "अहो कार्डल, हा माझ्या बुटाची नाडी खातोय!"

पक्ष्यांच्या मागोमाग ग्लिन आणि आम्ही हाकारेही खाली पोचलो. साहेबांचा चेहरा बीटरूटसारखा झाला. "प्रीस, हे काय आहे?"

ग्लिनने टोपी काढून हातात घेतली. ओलवेनने डाव खाली ठेवला. "साहेब, पाऊण तास द्या. तोवर पाहुण्यांना जिन द्या, जरा सढळ हाताने. ग्लिन, तू दाणे टाकत यांना परत वर ने." मग माझ्याकडे वळली. "आणि तू बादली घे. समोरची टेकडी चढायचीय."

"या गुडघ्यांनी?"

"दुसरे कुठेत?"

तिकडे ग्लिन चढ चढतोय आणि मागे पावणेदोनशे फेझंट रांगेत; इकडे मी ओलवेनला मागून ढकलतेय. तीनदा बसली, तिन्ही वेळा "दृश्य बघतेय" म्हणाली. माथ्यावर पोचल्यावर तिने श्वास घेतला आणि बादली बडवली.

समोरच्या रानातून आधी एक उठला, मग दहा, मग सगळेच. एवढी खोल दरी चालत उतरून परत कोण चढणार? जेवणाला उशीर झालेल्या पोरांसारखे ते या टेकडीवरून त्या टेकडीवर सुटले, इतके उंच की खालून चिमण्या वाटाव्यात. खाली बंदुकांचा नुसता कडकडाट. आणि पक्षी एकामागून एक आमच्या पायांशी उतरून दाणे टिपायला लागले.

"आज संपलं सगळं," मी म्हटलं. "कुणाचा नेमच लागत नाहीये."

"तू इथे सव्वीस वर्षं राहतेस," ओलवेन म्हणाली, "आणि अजून तुला ही माणसं कळली नाहीत."

खाली आलो तर सगळे एकमेकांच्या पाठी थोपटत होते. पक्षी जितका उंच आणि अवघड, तितकी शिकार भारी, हे यांचं गणित. अकरा पक्षी पडले होते. नाडीवाला म्हातारा तर पार हरखला होता. "चाळीस काडतुसं, एक पीससुद्धा नाही पडलं! इतक्या उंच पक्ष्यांवर माझा नेम जन्मात चुकला नव्हता! कार्डल, पुढच्या वर्षी मला पहिल्यांदा विचारा हं."

साहेब ओलवेनपाशी आले. "मिसेस प्रीस, पुढच्या वर्षी फ्रान्सवर अवलंबून राहायला नको. असे चार दिवस जमतील?"

"दोन," ओलवेन म्हणाली. "माझ्या गुडघ्यांना दोनच जमतील. आणि राहायचंच आहे तर मागच्या खोलीचं छप्पर गळतंय."

"आई!" ग्लिन पुटपुटला.

"गळतंय तर गळतंय म्हणणार. न्हाणीघराचं दारही लागत नाही, साहेब. लिहून घेताय ना?"

साहेबांनी खिशातून पेन काढलं.