वॉल्व्हचा डबा आणि ट्रान्झिस्टरची पेटी

लाउडस्पीकरच्या दुकानात हवा तो स्क्रू कधीच सापडत नाही, किस्से मात्र पायात येतात! लग्न होऊन मी सीताबर्डीतल्या या घरात आले. खाली दुकान, वर आम्ही. सहा महिन्यांत इतके किस्से जमले, की माहेरी लिहायला आंतर्देशीय पत्र पुरेना. मी बोलते कमी, त्यामुळे माझ्यासमोर सगळे बिनधास्त बोलतात.

माइकचा बारीक आवाज आधी प्री-अॅम्प्लिफायरमध्ये जरा मोठा होतो, मग पॉवर अॅम्प्लिफायर तो मैदानभर नेतो. आमचा प्री-अॅम्प्लिफायर म्हणजे मामाजींचा, माझ्या सासऱ्यांचा, डबा. स्वतः बांधलेला, वॉल्व्हचा, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचा. पुढचा पॉवर अॅम्प्लिफायर मात्र यांनी नवा आणला, ट्रान्झिस्टरचा, हलकी सुबक पेटी. दोन्ही जोडले, तर स्पीकरमधून पापड मोडल्यासारखा आवाज!

"मॅचिंग नाही," हे म्हणाले. "शनिवारच्या कुस्त्यांपर्यंत जमलं तर ठीक. नाहीतर बाबा, तुमचा डबा विकायचा."

"माहा डबा काहून? तुही पेटी विक!"

*

मला समजावून सांगायची दोघांनाही हौस. यांनी कागदावर आकृती काढून इम्पिडन्स, म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा, शिकवला. अर्धा तास! मी मान डोलावत होते.

मामाजी मूळचे नरखेडकडचे, संत्र्याच्या बागेतले. ते जाता जाता म्हणाले, "पंप पाच हॉर्सपावरचा अन् समोर नळी बोटाएवढी. मंग आवाज फाटन नाही तं काय होईन?"

यांनी पेन्सिल आपटली. "तेच तर सांगून राहिलो ना मी!"

*

मग मध्ये रेझिस्टन्स लावून डब्याचा जोर कमी केला. फाटणं थांबलं, पण आवाजातला खर्ज कुठेतरी वाटेतच राहू लागला.

नेमके त्याच दिवशी आखाड्याचे पहिलवान शनिवारचा माइक बघायला आले. दार अडवणारा माणूस! छाती भरून म्हणाले, "नागपूरकरांनो, मी येऊन राहिलो!"

स्पीकरमधून सातवीतली मुलगी बोलली.

पहिलवानांनी माइककडे पाहिलं, मग मागे वळून पाहिलं. "हे कोण बोललं गा?"

*

सासूबाई या भांडणात नव्हत्या. पण डिसेंबरात दही लवकर लागत नाही, म्हणून त्या विरजणाचं भांडं दिवसभर तापलेल्या वॉल्व्हच्या डब्याला टेकवून ठेवायच्या. डबा जाणार हे कळल्यावर त्या तडक खाली दुकानात आल्या. नव्या पेटीवर त्यांनी हात ठेवून पाहिला. गार!

"याच्यावर दही लागते काय?"

"आई, हे दह्यासाठी नसतं!"

"मंग कशाले आणलं?"

*

गुरुवारी बापलेकांनी भांडत भांडत दोन्हींच्या मध्ये एक मोठा कंडेन्सर बसवला, हरवलेला खर्ज परत यावा म्हणून. आता नीट ऐकायचं कुणी? दोघेही माइक हातात आला की "हॅलो, वन, टू, थ्री" म्हणायचे आणि स्वतःच्याच आवाजावर खूश व्हायचे.

"मी गच्चीवर भोंग्यापाशी उभा राहून ऐकतो," मामाजी म्हणाले. "सूनबाई, तू बोल."

हे नॉबवर बोटं ठेवून तयार. मी म्हटलं, "हॅलो."

"अजून!" गच्चीवरून आलं.

"हॅलो, हॅलो."

"अवं, चांगलं लंबं बोल नं!"

लंबं काय बोलणार? सकाळपासून जे मनात होतं तेच तोंडातून गेलं. "वॉल्व्हच्या डब्याला इतवारीतलं गिऱ्हाईक ठरलेलं आहे. मॅचिंग जमो न जमो. उद्या सकाळी मामाजी आंघोळीला गेले की ते येऊन डबा घेऊन जाईल. हे म्हणाले, कुणाला सांगू नको."

रस्त्यावर दोन सायकली थांबल्या. समोरचा शिंपी मशीन बंद करून बाहेर आला. यांची बोटं नॉबवरच चिकटली होती.

मग मामाजींचा आवाज आला, भोंग्याशिवाय, आणि तोही पार चौकापर्यंत गेला असावा.

"वाऽ! काय भरून येऊन राहिला आवाज! आता कशालेच हात नको लावू गा!"