चांदणी कोण?

दगडाबाईला सुनेचं नाव ठाऊक नव्हतं असं नाही. रत्नमाला. सोयरीक तिनंच जमवली होती. तरीही अलीकडं जेवायला बसलं की तिच्या तोंडून भलतंच नाव निसटायचं. "चांदणी, कालवण वाढ गं."

रत्नमालेनं आधी कानाडोळा केला. मग नवऱ्याला गाठलं, "ही चांदणी कोण? तुमच्यासाठी बघितलेली का काय?" अंगद बिचारा वाळूजच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेला. त्यानं नुसती मान हलवली आणि घोरायला लागला. झालं, संशय दुप्पट झाला.

चांदणी होती मेंढी. पण सुनेला मेंढीच्या नावानं हाक मारली, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि दगडाबाईच्या पोटातली खरी भीती तर वेगळीच होती. तिची आई शेवटी शेवटी पोटच्या लेकीला विचारायची, "बाई, तुम्ही कुणाच्या?" आता आपलंही तसंच होतंय, डोक्यात माणसं अन् मेंढरं एक व्हायला लागलीत, या विचारानं ती अर्ध्या ताटावरून उठायची.

मेंढरं तर कधीच नजरेआड झाली होती. लागोपाठच्या दुष्काळात टँकरचं पाणी माणसांनाच पुरेना, आणि शहराकडची चराऊ रानं प्लॉटांच्या खांबांनी भरून गेली. दगडाबाईनं मेंढरांचं अख्खं खांड सिल्लोडकडच्या भावाच्या, भिकनच्या हवाली केलं आणि ती लेकाच्या एका खोलीत राहायला आली.

रत्नमाला एका दवाखान्यात आया होती. तिथं हिमानी नावाची संशोधक रविवारी, पेशंट नसताना, एमआरआय मशीनवर अभ्यास करायची. पाहिलेले चेहरे डोक्यात कुठं राहतात, हा तिचा प्रश्न. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडं रक्त जास्त धावतं, आणि मशीन ते टिपतं. मेंढरं तोंडावरून ओळखणारी माणसं तिला हवी होती. रत्नमाला म्हणाली, "आमच्या आत्याबाई हायेत की." मनात म्हणाली, नावं चुकतात, तेवढंच डोकंही तपासून होईल.

हिमानीनं आधीच बजावलं, "मावशी, ही आजाराची तपासणी नाही हं. फक्त अभ्यास."

"व्हय. पण मेंढरं डोक्यात हायेत का गेली, ते मला तरी कळंल?"

"ते तुम्हालाच कळेल," हिमानी हसली.

भिकननं मोबाइलवर खांडातल्या मेंढ्यांचे फोटो काढून पाठवले होते. त्यांत परक्या मेंढ्या मिसळल्या होत्या. आपली दिसली की बटण दाबायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही. कानातली फुलं काढून दगडाबाई त्या पांढऱ्या बोगद्यात शिरली आणि मशीन रस्ता फोडल्यासारखं ठणाणा करायला लागलं.

डोळ्यांपुढच्या आरशात एकेक फोटो दिसायला लागला. पहिलं तोंड परकं. दुसरी कानकापी! बटण. मग बांडी, मग काळतोंडी. एकेकीगणिक तिच्या जिवात जीव येत गेला. परकं तोंड आलं की बोट आपोआप थांबायचं. सगळ्या होत्या, जागच्या जागी! मग कपाळावर पांढरा ठिपका असलेलं, जरा रागीट तोंड समोर आलं. आता धनगराच्या बाईनं आपलं जनावर बघून गप्प राहायचं, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

"चांदणीऽऽ! हुर्र हुर्र, ये गं माय!"

बाहेरच्या खोलीत स्पीकर दणाणला. मेंदूचं चित्र पार बिघडलं. हिमानीनं कपाळाला हात लावला. शेजारी बसलेली रत्नमाला मात्र पडद्यावरच्या मेंढीकडं बघतच राहिली.

दगडाबाई बाहेर आली तेव्हा सून कमरेवर हात ठेवून उभी. "आत्याबाई, ही चांदणी? मला मेंढी म्हणत होत्या तुम्ही?"

आता लपवायला उरलं काय?

"अगं, दुष्काळात मेंढ्या आटल्या. पिलं भुकेनं वरडायची. ही एकटी परक्या पिलांना बी पाजायची. सोता वाळली, पण कुणाला लाथाडलं नाय. मी तुमच्यात आले तवा तुमचंच भागत नव्हतं. तरी तू पयलं ताट मला वाढलंस, अजून वाढतीस. तू ताट ठिवलं का तिचंच नाव येतं तोंडावर."

बोलता बोलता तिलाच उमगलं. नाव निसटायचं ते दरवेळी ताटावरच. माणसं अन् मेंढरं डोक्यात एक झालीच नव्हती. तिला इतकं हलकं वाटलं की ती हसतच सुटली. रत्नमालेच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी तीही हसायला लागली.

"मावशी, पुन्हा करावं लागेल," हिमानी म्हणाली. "या वेळी तोंड बंद."

"पदरच धरते दातात."

दुसऱ्या खेपेला चांदणी आली तेव्हा दगडाबाईच्या डोळ्यांना धार लागली, पण डोकं तसूभर हललं नाही.

संध्याकाळी ताटं मांडली. दगडाबाईनं मुद्दामच हाक दिली, "चांदणी, भाकर आण गं!"

शेगडीजवळून उत्तर आलं, "बेंऽऽ!"

अंगदचा घास हातातच राहिला. आता दोघींनाही तपासायला न्यावं लागणार, असं त्या बिचाऱ्याला वाटलं.